गॉगलवाले दिसले की उठायचं

सोमवार, १० जून. सकाळी साडेअकरा. ओतूरजवळच्या एका माध्यमिक शाळेची स्टाफरूम.

उपस्थित: अश्विनी, वय अठरा, दहावी पास. वडील बाळासाहेब. आई शोभाताई. चुलते, न बोलावता. मुख्याध्यापक, पहिली दहा मिनिटं. मी.

अनुपस्थित: ज्यांना ज्यांना पत्र पाठवलं होतं ते सगळे.

विषय: पुढे काय.

वहीत त्या दिवशीची नोंद एवढीच आहे. अशा बैठकीला मी 'पुढे काय बैठक' म्हणते. सरकारी कागदावर तिला नाव नाही, कारण सरकारी कागदावर ती बैठकच नाही. मी विशेष शिक्षिका आहे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या साध्या शाळांमध्ये जी दिव्यांग मुलं शिकतात, त्यांच्या शाळेत आणि घरी जायचं, त्यांना आणि त्यांच्या शिक्षकांना लागेल ती मदत करायची, हे माझं काम. मूल शाळेत आहे तोवर त्याच्यासाठी हजेरी आहे, पुस्तकं आहेत, चाकाची खुर्ची आहे, परीक्षेला लेखनिक आहे, वर्षातून एकदा शिबिर आहे आणि शिबिरात केळं नि बिस्किटाचा पुडा आहे. दहावी-बारावी झाली की शाळा सोडल्याचा दाखला मिळतो आणि त्या दाखल्याबरोबर हे सगळं संपतं. माझ्या छापील यादीतून मुलाचं नाव निघतं. मूल मात्र कुठेही गेलेलं नसतं. त्याच घरात, त्याच ओट्यावर बसलेलं असतं, फक्त मांडीवर दप्तर नसतं.

म्हणून मी दुसरी एक यादी ठेवते, हाताने आखलेली. शाळा सुटलेल्या मुलांची. ती कुणी मागितलेली नाही, त्यामुळे कुणी बंदही करू शकलेलं नाही.

तर त्या सोमवारी मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, पास झाली ना पोरगी? मग आता काय राहिलं?" आणि चहा सांगायला म्हणून गेले ते परत आले नाहीत. चहा आला.

चुलते म्हणाले, "काय न्हाई बाई. एखादं गरीब घरचं पोरगं बघायचं आन् उजवून टाकायची."

"आधी तिला विचारू," मी म्हटलं.

"तिला काय कळतंय?"

अश्विनी त्यांच्या शेजारीच बसली होती. अश्विनीला समजायला वेळ लागतो. अक्षर अक्षर लावून वाचते, दहाच्या पुढचे आकडे घसरतात. बोलते कमी, पण ऐकू सगळं येतं, हे तिच्या चुलत्यांच्या अठरा वर्षांत लक्षात आलेलं नव्हतं. मी तिला विचारलं, "अश्विनी, तुला काय काम करायला आवडेल?" आणि थांबले. थांबणं हा आमच्या कामातला सर्वात अवघड भाग आहे. आपण थांबतो, पण बाकीचे थांबत नाहीत.

"तिला घरीच आवडतंय," बाळासाहेब म्हणाले.

"मी तिला विचारलंय."

"आवो, लाजती ती."

"बाळासाहेब, जरा गप्प बसा."

ते गप्प बसले. बऱ्याच वेळाने अश्विनी म्हणाली, "टमाटी निवडायला."

शोभाताई हसल्या. बाळासाहेबांनी मान डोलावली. "ते खरंय हां. मागच्या साली आमच्या रानातली सगळी तिनंच निवडली. एक तडकलेलं जाऊ दिलं न्हाई."

एका वाक्यात बैठकीचा निकाल लागला होता, आणि तो लावायला मला दोन कप चहा आणि एक अपमान लागला. अपमान चुलत्यांचा, त्यांचं 'उजवून टाका' मी वहीत घेतलंच नाही म्हणून. ते माझ्याशी अजून बोलत नाहीत.

नारायणगावच्या अलीकडे, आळेफाट्याच्या बाजूला, हायवेवर एका फाट्याजवळ रोहिदासशेठचं शेड आहे. टोमॅटोच्या दिवसांत टोमॅटो, मग ढोबळी-काकडी, मग द्राक्षं. माल येतो, बायका निवडतात, आकारावर आणि रंगावर वेगळा करतात, क्रेटमध्ये भरतात. लांबच्या गाडीला नुकताच रंग धरलेला टोमॅटो लागतो, जवळच्या बाजाराला पिकलेला. मी शेठकडे गेले. शेठने हात जोडले.

"बाई, पुण्याचं काम हाय, मी न्हाई म्हणणार न्हाई. बसू द्या तिला एका कोपऱ्यात. काम न्हाई केलं तरी चालंल."

"पुण्य नको, काम द्या. जमलं नाही तर सांगा, मी येऊन शिकवीन. तरी जमलं नाही तर काढून टाका."

"आवो, अशा पोरीला काढायचं म्हंजे…"

"इतरांना काढता ना?"

"रोज काढतोय राव!"

"मग झालं तर."

मी दोन दिवस तिच्या शेजारी बसले, तिसऱ्या दिवशी दाराशी, चौथ्या दिवशी गेलेच नाही. आठवड्याने शेठचा फोन. "बाई, ही पोरगी क्रेटात वर एक आन् खाली एक भरू देत न्हाई. दुसऱ्या बायकांची क्रेटं बी उपसती. भांडणं व्हायला लागली ना!" मी म्हटलं, तिला एकच पद्धत शिकवली आहे, दोन शिकवायच्या असतील तर तुम्ही शिकवा. शेठने फोन ठेवला. पुढच्या महिन्यात एक व्यापारी 'त्या पोरीचीच क्रेटं' मागायला लागला आणि पुण्याचा विषय बंद झाला.

आता खरी अडचण. बाळासाहेब तिला मोटरसायकलवर सोडायचे आणि आणायचे. ज्या दिवशी त्यांना रानात पाणी धरायचं असेल, लग्नाला जायचं असेल किंवा नुसता कंटाळा आला असेल, त्या दिवशी अश्विनी घरी. दुसऱ्याच्या सवडीवर चालणारी नोकरी दोन महिन्यांत सुटते, हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की त्याचा वेगळा रकाना केला आहे. तिने एसटीने एकटीने जायला हवं होतं. ओतूरहून आळेफाटा, तिथून नारायणगाव आणि पुढे मंचर, अशी सकाळची एक गाडी तिच्या वेळेला बरोबर बसत होती.

बाहेरच्या माणसाला वाटतं, बसने जाणं हे एक काम आहे. ती बावीस कामं आहेत. मी मोजली आहेत. स्टँडवर योग्य जागी उभं राहणं. पाटीवरचं पहिलं अक्षर बघणं. गाडी थांबेपर्यंत पुढे न जाणं. ढकलाढकलीत आपलं दप्तर सांभाळणं. वाहकाकडे तिकीट मागणं. खिडकीची जागा घेणं. आणि शेवटी, योग्य ठिकाणी उठणं. एकेक पायरी शिकवायची, आधी हात धरून, मग बोटाने दाखवून, मग नुसतं बघून, मग न बघता. आमचा धंदा मदत करण्याचा आहे असं लोकांना वाटतं. तो मदत काढून घेण्याचा आहे. ती थोडी थोडी, मोजून, समोरच्याला कळू न देता काढावी लागते.

आणि इथेच माझं डोकं फिरतं. कारण मी एक माप मदत काढली की गाडीतले पन्नास लोक पन्नास मापं घालतात. दोन्ही तालुक्यांतली माणसं प्रेमळ आहेत. इतकी प्रेमळ की काम करणं मुश्कील.

पहिल्या दिवशी मी तीन बाकं मागे, अनोळखी म्हणून बसले. अश्विनी चढली. एका काकूंनी तिला दंडाला धरून बसवलं. वाहकाने तिने तोंड उघडायच्या आत तिकीट फाडून हातात दिलं. मी मागून ओरडले, "अहो, तिला मागू द्या!" ते म्हणाले, "मला म्हाइती हाय ना कुठं उतरायचं, कशाला पोरीला तरास?" एका आजोबांनी तिला पेरू दिला. शेजारच्या बाईने तिच्या देखत काकूंना विचारलं, "जन्मापासनं का मधी झालं?" काकूंना काहीच माहीत नव्हतं, तरी त्यांनी सविस्तर सांगितलं. फाटा आला तेव्हा चार जण एकदम ओरडले, "ये पोरी, ऊठ! ड्रायव्हर, थांबवा!" आणि तिला जवळजवळ उचलून खाली ठेवलं. मी मागून उतरायला लागले तर काकूंनी मलाच धारेवर धरलं.

"तुमी मघापासनं नुसत्या बघत बसल्यात! लिहिताय काय तरी! एवढी शिकलेली बाई, पोरीला हात द्यायला काय व्हतं वो?"

माझ्या यादीतला गणेश चाकाच्या खुर्चीवर आहे. बारावीनंतर संगणकाचा कोर्स केला, मंचरला एका ऑफिसात काम मिळालं, तेही दुसऱ्या मजल्यावर, जिन्याने. मालक म्हणाले, "त्यात काय, आमी चौघं जण रोज उचलून नेऊ की राव." आणि खरंच न्यायचे. हसत, गाणी म्हणत. गणेश मला म्हणाला, "मॅडम, मला चार माणसं नकोत. खालच्या मजल्यावर एक टेबल पाहिजे." ते टेबल मिळवायला मला सात फेऱ्या पडल्या. चार माणसं फुकट होती, टेबल मात्र मिळत नव्हतं. शेवटी चौघांपैकी एकाची कंबर धरली, तेव्हा मिळालं.

अश्विनीचं तसंच. मी वाहकांना भेटले, एकेकाला समजावलं. रोजच्या प्रवाशांना समजावलं. काकूंना तर घरी जाऊन समजावलं. त्या पेरूच्या आजोबांच्या सूनबाई निघाल्या. सप्टेंबर अर्धा होईपर्यंत बावीसपैकी एकवीस पायऱ्या अश्विनी एकटी चढत होती. काकू तोंडावर पदर धरून, जिवाच्या आकांताने गप्प बसत होत्या.

राहिली बाविसावी, योग्य ठिकाणी उठणं. तो फाटा म्हणजे हायवेवरच्या शंभर फाट्यांसारखा एक फाटा. एक टपरी, एक हॉटेल, एक बंद गॅरेज. थांब्याची पाटी नाही. पेट्रोल पंप आहे, पण त्या रस्त्यावर पंप तीन आहेत. मी दोन दिवस स्कूटी घेऊन तिथे उभी राहिले, पक्की खूण शोधत. आणि मला ती सापडली. फाट्याच्या कोपऱ्यावर अर्ध्या घराएवढा फ्लेक्स होता. एका स्थानिक पुढाऱ्यांचा, गॉगल घातलेला फोटो, हात उंचावलेला. जून महिन्यात त्यावर दहावीच्या विद्यार्थ्यांचं अभिनंदन होतं, मग गणपतीच्या शुभेच्छा, मग त्यांच्याच वाढदिवसाच्या. मजकूर बदलायचा, फोटो तोच. जागाही त्यांच्याच मेव्हण्यांची. या तालुक्यात त्याहून कायमचं काही असेल असं मला वाटलं नाही.

यादीत लिहिलं: पायरी बावीस. गॉगलवाले दिसले की उठायचं. गॉगलवाले दिसल्याशिवाय उठायचं नाही.

हे दुसरं वाक्य मीच घातलं. मधल्या फाट्यावर चुकून उतरू नये म्हणून. अश्विनीने तीन आठवडे एकदाही चूक केली नाही. मी वहीत बाविसाव्या पायरीपुढे बरोबरची खूण केली, खाली रेघ मारली आणि पुढच्या मुलाकडे वळले.

ऑक्टोबरात निवडणूक जाहीर झाली. आचारसंहिता लागली. एका रात्रीत दोन्ही तालुक्यांतले सगळे फ्लेक्स उतरले.

मी पंचवीस वर्षं या भागात नोकरी करते आहे. प्रत्येक निवडणुकीत माझी ड्यूटी लागते. आचारसंहिता म्हणजे काय हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. पण माझ्या डोक्यात निवडणूक एका वहीत होती आणि अश्विनी दुसऱ्या.

त्या दिवशी मी आहुप्याला होते. बारावी झालेल्या एका मुलाच्या अर्जावर वडिलांची सही हवी होती आणि वडील रानात गेले होते, म्हणून थांबले. आहुप्यात माझ्या फोनला रेंज नसते. दुपारनंतर घाट उतरून डिंभ्याच्या अलीकडे आले, तेव्हा फोन पिशवीत थरथरायला लागला तो थांबेचना. एकाच नंबरवरून एकतीस मिस्डकॉल. लावला.

"मॅडम, मंचर स्टँडवरनं बोलतोय, कंट्रोलर. एक मुलगी बसलीय हितं, सकाळपासनं. तिच्या गळ्यातल्या कार्डावर तुमचा नंबर हाय. एकच नंबर! आन् तो बी लागत न्हाई! असं कार्ड करतात का?"

मी रस्त्याच्या कडेला स्कूटी लावली आणि बाळासाहेबांना फोन केला. त्यांना वाटत होतं पोरगी शेडवर आहे. शेठना वाटत होतं पोरगी घरी आहे. सहा तास ती कुणाच्याच हिशेबात नव्हती.

घोडेगाव कधी गेलं मला कळलं नाही. मंचरला पोचले तर अश्विनी कंट्रोलरच्या खिडकीखालच्या बाकावर बसली होती, दप्तर मांडीवर घेऊन. रडलेली नव्हती. यादीप्रमाणे एक वाजता डबा खाल्ला होता. कार्ड दाखवायचं, हीही पायरीच होती, तीही तिने केली होती. गाडीत तिला कुणी उठवलं नव्हतं, कारण कुणी उठवायचं नाही हे मीच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. मला बघून ती उठली आणि सरळ भांडायलाच लागली.

"गॉगलवाले आलेच न्हाई!"

"अगं…"

"मी बघत व्हते. काच पुसून बघत व्हते. आलेच न्हाई. मंग मी कशी उठू?"

बाळासाहेब मोटरसायकल तशीच आडवी टाकून आत आले. त्यांनी तिला नखशिखांत पाहिलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"बाई, तुमी एका फोटोच्या भरवशावर माझी पोरगी सोडली?"

मी वही काढली आणि तशीच पुन्हा पिशवीत ठेवली.

"आता बास," ते म्हणाले. "घरी बसंल. खायला काय कमी हाय का आमाला?"

कंट्रोलरनेही मान हलवली. स्टँडवरच्या आणखी दोघा-तिघांनीही. सगळे प्रेमळ.

मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. बाळासाहेब घरात असून बाहेर आले नाहीत. शोभाताईंनी पाणी दिलं आणि दारातच हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, खरं सांगू का? ती घरात असली की मी बी घरातच. चार महिनं मी रानात जात व्हते, बचतगटाला जात व्हते. आता पुन्हा दोघी बी आत." हे कुठल्याही अर्जाच्या नमुन्यात विचारत नाहीत. एक मुलगी घरी बसली की दोन बायका घरी बसतात. रोहिदासशेठना विचारलं, तर म्हणाले, "जागा ठेवतो, पण किती दिस ठेवू? माल का थांबतोय?" दिवाळीपर्यंत म्हणाले.

त्या दिवसांत मी काय केलं? चिडले. खात्यावर, निवडणुकीवर, गॉगलवर, सर्वात जास्त स्वतःवर. नवी खूण शोधायला म्हणून पुन्हा फाट्यावर जाऊन उभी राहिले. टपरीवाल्याला विचारलं, टपरी किती वर्षं राहणार? तो म्हणाला, "रस्ता रुंद करायचा म्हणत्यात, कोन जाणे." टपरी बाद. गॅरेजच्या शटरचा रंग? मालकाने त्याच आठवड्यात नवा दिला.

नवव्या दिवशी बाळासाहेबांचा फोन आला. "बाई, या तुमी. ती काय ऐकत न्हाई."

अश्विनी रोज सकाळी साडेसातला आंघोळ करून, वेणी घालून, डबा भरून, दप्तर अडकवून ओट्यावर बसत होती. कुणाशी भांडण नाही, रडणं नाही. एक वाजता डबा खायची. संध्याकाळी सहाला दप्तर उतरवून आत जायची. आठ दिवस. जाणारे-येणारे विचारायचे, पोरगी कुठं निघाली? बाळासाहेबांना तोंड लपवायला जागा उरली नव्हती.

मी ओट्यावर तिच्याशेजारी बसले. नवी वही उघडली. आणि कोण जाणे कशी, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, खूण सांगायच्या ऐवजी विचारली. "अश्विनी, फाटा आला हे तुला कशावरून कळेल?"

मी थांबले. बाळासाहेब काही बोलणार होते, शोभाताईंनी त्यांना डोळ्यांनी दाबलं.

"पुलावर गाडी वाजती," अश्विनी म्हणाली. "मोठ्यानं. मंग गप. मंग दोनदा खडखड. मंग ड्रायव्हर गेर टाकतो, ऊं करून. मंग मी."

ती सांगत होती ते बरोबर होतं. नदीवरचा मोठा पूल, नंतर रस्त्यावरच्या खडखडणाऱ्या पट्ट्या, दोन ठिकाणी, मग चढ. मी त्या रस्त्याने हजारदा गेले असेन. मला पट्ट्या दोन ठिकाणी आहेत हे माहीत नव्हतं.

"हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"पयल्यापासनं."

"मग त्या दिवशी? त्या दिवशी खडखड झालं नाही?"

"झालं ना."

"तुला कळलं होतं, फाटा आलाय?"

"हां."

"मग उठली का नाहीस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती वर चांगला आणि खाली बारीक भरलेल्या क्रेटकडे बघत असेल.

"तुमी म्हणला व्हता. गॉगलवाले दिसल्याबिगर उठायचं न्हाई."

मी वही मिटली. तिला फाटा येत होता. ती चुकली नव्हती. खिडकीतून फाटा मागे जाताना तिने पाहिला होता, आणि माझ्या एका वाक्यासाठी मंचरपर्यंत बसून राहिली होती. आम्ही या मुलांना शाळेत दहा-बारा वर्षं एकच गोष्ट उत्तम शिकवतो, सांगितलेलं ऐकायला. मग शाळा सोडल्याचा दाखला देतो आणि म्हणतो, जा, आता स्वतःच्या पायावर उभी राहा. काकूंवर, वाहकांवर, गणेशच्या चार उचलणाऱ्यांवर मी इतकी वर्षं चिडत आले. त्या रकान्यात माझंही नाव लिहायला हवं होतं.

बाविसावी पायरी आम्ही पुन्हा लिहिली. शब्द तिचे: 'पूल, गप, दोनदा खडखड, मंग मी.' खाली आणखी एक ओळ, माझी: 'बाईंनी सांगितलेलं आणि तुला कळलेलं वेगळं असेल, तर तुला कळलेलं खरं.' हे वाक्य तिला पटवणं बाकीच्या एकवीस पायऱ्यांपेक्षा अवघड गेलं. कार्डावर आता चार नंबर आहेत. दिवाळीच्या आधी दोन दिवस ती शेडवर हजर झाली. शेठने विचारलं, "कुठं गेलती गं?" ती म्हणाली, "मंचरला," आणि कामाला बसली.

निवडणूक झाली, फ्लेक्स पुन्हा लागले. गॉगलवाले आता मतदारांचे आभार मानत होते. अश्विनी त्या बाजूला बघतही नाही. द्राक्षं झाली, पुन्हा टोमॅटो आला. ती एकटी जाते, एकटी येते. शोभाताई बचतगटाच्या सचिव झाल्या. बाविसाव्या पायरीपुढे मी बरोबरची खूण केली, पण या वेळी पेन्सिलीने.

आणि मग या जानेवारीत, सहज तपासायला म्हणून मी त्या गाडीत चढले. मागच्या बाकावर बसले. आळेफाटा सोडल्यावर मागच्या काचेतून बाहेर पाहिलं, तर गाडीमागे एक मोटरसायकल. तोंडाला उपरणं गुंडाळलेलं. गाडी थांबली की मोटरसायकल थांबे. गाडी निघाली की निघे. फाट्यावर उतरून मी मोटरसायकलला आडवी गेले.

"बाळासाहेब, हे काय?"

"कुठं काय? खताच्या दुकानात चाललोय."

"रोज?"

"रोज खत लागतंय बाई."

"त्या दिवाळीपासून?"

त्यांनी उपरणं खाली केलं. चेहरा थंडीने काळा पडला होता. "मी काय तिला धरतोय का? हात लावतोय का? तुमीच म्हणला व्हता, नुसतं बघायचं. बघतोय."

अश्विनी तोवर रस्ता ओलांडून शेडच्या दाराशी पोचली होती. मी तिला गाठून विचारलं, तुला माहीत आहे, तुझे आण्णा मागून येतात? ती म्हणाली, माहीत आहे. धुकं असलं की ती चालकाला सांगते, "जरा हळू घ्या, आमचे आण्णा मागं ऱ्हायलेत."

तेव्हापासून मी बाळासाहेबांवर काम करते आहे. पद्धत तीच, थोडी थोडी, मोजून. आधी फाट्याऐवजी पुलापर्यंत यायचं. मग आळेफाट्यापर्यंत. मग ओतूरच्या वेशीपर्यंत, मग घराच्या फाटकापर्यंत. अश्विनीला बावीस पायऱ्यांना चार महिने लागले. बाळासाहेबांच्या पायऱ्या चार. मागच्या महिन्यात ते सलग सहा दिवस आळेफाट्यावरून परत फिरले होते, मी खूण करायला पेन्सिल काढली होती. काल रोहिदासशेठचा फोन आला: शेडसमोर मोटरसायकल उभी आहे, उपरण्यातला माणूस टपरीवर चहा पितोय, आणि काय पाहिजे विचारलं तर म्हणतो, खत.

वहीत सगळ्यात वर आता बाळासाहेबांचं नाव आहे. सोमवारी सकाळी पावणेआठला ओतूर स्टँडवर जायचं आहे, त्यांच्या मोटरसायकलची किल्ली मागायला.